विचारा प्राणीवाल्याला: कच्ची टाकी, फोलपटांची वाटी आणि सशाचं गाजर

या वेळच्या पत्रांत मासे सगळ्यांच्या पुढे आहेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. नेहमीचं एकदा सांगून टाकतो: मी दुकानदार आहे. खाणं, पिंजरा, टाकी, साफसफाई, काय हवं ते विचारा. पण जनावर निपचित पडलं असेल, श्वासासाठी धडपडत असेल, तर मला पत्र लिहीत बसू नका. पशुवैद्य गाठा.

प्रश्न: नवी काचेची टाकी आणून चार गोल्डफिश सोडले. आठवडाभर छान होते. मग एकेक मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला आणि बघता बघता तीन गेले. मी रोज सगळं पाणी बदलत होतो, फिल्टरही नळाखाली स्वच्छ धूत होतो. आजारी मासे माझ्या गळ्यात मारले का?

असंही होतं, नाकारत नाही. आमच्या धंद्यात सगळेच धुतल्या तांदळासारखे नाहीत. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मासे धडधाकट असावेत. कच्ची आहे ती टाकी.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजावर आणि तळाच्या खड्यांवर जिवाणूंची वस्ती असते. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषंच. नायट्रेट थोडं असेल तर मासे सोसतात आणि पाणी बदललं की ते कमी होतं. नव्या टाकीत ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे ती कुठे धरू लागली की तुम्ही ती नळाखाली धुऊन टाकत होता. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात ते जंतू मारायलाच. कामाचे जिवाणू आणि रोगाचे जंतू असा भेद ते करत नाही, आणि माशांच्या कल्ल्यांनाही इजा करतं.

आता उरलेल्या माशासाठी. दोन दिवस खाणं बंद. उपाशी मरणार नाही, उलट अमोनिया कमी होईल. रोज फक्त पाव टाकी पाणी बदला. नवं पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट किंवा गार हवं आणि त्यात क्लोरीन काढणारे थेंब घातलेले हवेत. ‘पाणी रात्रभर बादलीत ठेवलं की झालं’ असं पुष्कळ जण सांगतात. क्लोरीन तसं उडतंही. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामीन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असतं, ते बादलीत ठेवून जात नाही, म्हणून थेंब बरे. स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा, तो काळपट दिसला तरी चालेल. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. माझ्या फळीवरच्या कुठल्याही बाटलीपेक्षा तो भरवशाचा. पैसे खर्च करायचेच असतील तर अमोनिया आणि नायट्राइट तपासायच्या किटवर करा. दोन्ही शून्य दिसेपर्यंत दुसरा मासा आणू नका, मग दुकानदार कितीही गळ घालो.

आणि खाणं. गोल्डफिशला जठर नसतं. तो दिसेल ते चघळतो आणि माणूस काचेजवळ आला की मागायला येतो. त्याला भूक समजून घरातला प्रत्येक जण चिमूट टाकतो, तिथून सगळं सुरू होतं. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका आणि ते काम एकाच माणसाकडे द्या. साधा गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो, तेव्हा टेबलावरच्या टाकीत चार हा आकडाच चुकीचा. ते गोल भांडं तर मी विकायला ठेवतच नाही. गिऱ्हाईक रागावतं, रागावू दे.

प्रश्न: काका, मी सातवीत आहे. आम्ही चार दिवस बाहेर जाणार आहोत. माझे मासे एकटे राहतील का? ती सुट्टीसाठी मिळणारी, पाण्यात विरघळणारी खाण्याची वडी आणू का?

राहतील. टाकी जुनी आणि मासे मोठे असतील तर चार दिवस न खाता त्यांचं काही बिघडत नाही. वडी आणू नकोस, ती विरघळून पाणी गढूळ करते. शेजाऱ्यांना खाणं घालायला सांगणार असशील तर डबा त्यांच्या हातात देऊ नकोस. एकेका वेळेची चिमूट कागदात बांधून ठेव. निघण्याआधी फिल्टर चालू आहे ना ते बघ.

प्रश्न: घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत. कुत्र्याच्या खाण्याचं मोठं पोतं आणतो, मांजरही तेच आवडीने खाते. वेगळं आणायची गरज आहे का?

आहे, आणि हे मी माल खपवायला सांगत नाही. मांजराच्या शरीराला टॉरिन (मांसात असणारं एक अमिनो आम्ल) पुरेसं तयार करता येत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. कुत्रा बहुतेक वेळा ते स्वतः बनवतो, म्हणून त्याच्या खाण्यात ते मांजराला पुरेल एवढं असेलच असं नाही. टॉरिन कमी पडलं तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि तो पुन्हा बरा होत नाही. हृदयाचे स्नायूही सैल पडून हृदय फुगतं. हा हृदयाचा संबंध 1987 साली संशोधनातून पुढे आला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यातलं टॉरिन वाढवण्यात आलं. जीवनसत्त्व अ चंही तसंच. कुत्रा गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून ते बनवू शकतो, मांजराला ते जमत नाही. मांजर महिनोन्‌महिने तुकतुकीत दिसते आणि आत झीज चालू असते, म्हणून ‘आवडीने खाते’ याला मी फार किंमत देत नाही.

उलटं झालं, म्हणजे कुत्र्याने मांजराचं खाल्लं, तर एकदोनदा काही होत नाही. रोज खाल्लं तर वजन वाढेल, कारण त्यात चरबी आणि प्रथिनं जास्त. मांजराची वाटी उंचावर ठेवा, सुटला प्रश्न.

पाकिटाच्या मागे ‘संपूर्ण आहार’ लिहिलंय की ‘पूरक आहार’, हे वाचायची सवय लावा. पुढचं चित्र दोन्हींवर सारखंच देखणं असतं. पूरक म्हणजे तोंडी लावणं. त्यावर जनावर जगवायचं नसतं.

प्रश्न: कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध आणलं होतं, थोडं उरलंय. मांजरालाही पिसवा झाल्यात. कमी थेंब टाकले तर चालेल का?

नाही. एक थेंबही नको. कुत्र्यांच्या अशा बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. ते मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाही. अंग थरथरायला लागतं, झटके येतात, मांजर दगावते. आधीच टाकून झालं असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या द्रव साबणाने लगेच धुवा, कोरडं करून उबेत ठेवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन पशुवैद्याकडे पळा. कुत्र्याला टाकलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्या अंगावर झोपू देऊ नका.

प्रश्न: ससा आणि गिनी पिग एकाच पिंजऱ्यात आहेत, दोघांना सशाचे पेलेट (तयार खाण्याच्या दाबलेल्या गोळ्या) आणि भरपूर गाजर देते. ससा कधीकधी स्वतःचीच लेंडी खातो. पोटात काही कमी पडतंय का?

लेंडीचं आधी. ती साधी लेंडी नसते. ससा एक मऊ, घोसासारखी, चमकदार लेंडी टाकतो आणि ती थेट गुदाशी तोंड नेऊन खातो. पहिल्या फेरीत न पचलेल्या गवतातून आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेली ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं तो अशी परत मिळवतो. खाऊ द्या. ती न खाता पिंजऱ्यात चिकटून पडलेली दिसू लागली तर काळजी करा. बहुतेक वेळा पेलेट आणि गोड खाणं जास्त झालेलं असतं.

गाजर हा सशाचा खाऊ आहे, जेवण नाही. जेवण म्हणजे वाळलेलं गवत, चोवीस तास समोर, खाण्याचा मोठा वाटा त्याचाच. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत दळूनच ते झिजतात. आतडंही त्या धाग्यांवरच चालतं. मोठ्या सशाला लसूणघास रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त. ते वाढत्या पिलांना. आणि एक लक्षात ठेवा: सशाला उलटी करता येत नाही, त्याचं पोट सतत चालू असावं लागतं. अर्धा दिवस त्याने काही खाल्लं नाही, लेंडी टाकली नाही, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका.

गिनी पिगला माणसासारखंच क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. सशाला येतं, म्हणून सशाच्या पेलेटमध्ये ते पुरेसं नसतं. मग सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, जनावर हलायला नको म्हणतं. त्याला त्याचे स्वतःचे, ताजे पेलेट द्या (पाकीट उघडून महिने झाले की त्यातलं क कमी होत जातं) आणि रोज थोडी ढोबळी मिरची. पाण्यात थेंब टाकण्यात अर्थ नाही, ते लवकर निष्प्रभ होतात.

आता त्यांना वेगळं करा. सशाची लाथ गिनी पिगची हाडं मोडू शकते, आणि सशाला न बाधणारा बोर्डेटेला नावाचा जिवाणू गिनी पिगला न्यूमोनिया देऊ शकतो. दोघांनाही सोबत हवीच असते, पण आपापल्या जातीची.

प्रश्न: आमचा बजी (छोटा पाळीव पोपट) फक्त दाणे खातो. वाटी कायम भरलेली असते तरी बारीक होत चाललाय.

वाटीवर फुंकर मारून बघा. बजी दाणा सोलून खातो आणि फोलपट तिथेच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते आणि खाली दाणा नसतो. हे मी दुकानात किती जणांना दाखवलंय! दाणे सापडले आणि तरी वजन घटत असेल तर पशुवैद्याकडे न्या.

नुसत्या दाण्यांत चरबी फार, जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियम कमी. पेलेट आणि हिरव्या पाल्याची सवय काही आठवडे घेऊन लावा, दाणे एकदम बंद करू नका; अनोळखी खाण्याला काही पक्षी खाणं समजतच नाहीत. बजीचं वजन जेमतेम 30-40 ग्रॅम, तेव्हा ग्रॅम दाखवणारा काटा घ्या आणि रोज सकाळी तोला. वाळूच्या पुडीची गरज नाही. अव्होकाडो अजिबात नको. आणि पिंजरा स्वयंपाकघरातून हलवा: नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, माणसाला वासही येत नाही.

प्रश्न: कासवाचे डोळे सुजून मिटलेत. वाळलेली कोळंबी रोज खायचं, आता तेही खात नाही.

डोळ्यात घरचं काही घालू नका, पशुवैद्याला दाखवा. नुसत्या कोळंबीवर ठेवलेल्या पाणकासवांत जीवनसत्त्व अ कमी पडून डोळे असे सुजलेले नेहमी दिसतात, पण घाण पाण्यामुळेही सुजतात, ते तपासूनच कळेल. बरं झाल्यावर कासवाचे तयार पेलेट आणि हिरवा पाला सुरू करा. पाण्याबाहेर चढून पूर्ण कोरडं होता येईल अशी जागा हवी, तिच्यावर यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) दिवा. खिडकीतलं ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. दिवा पेटत असला तरी सहा ते बारा महिन्यांत त्यातले कामाचे किरण कमी होतात, म्हणून बसवल्याची तारीख त्याच्यावर लिहून ठेवा. हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, मुलांनी तर नक्कीच, कारण निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. आणि जागा पुरत नाही म्हणून त्याला तळ्यात सोडू नका. ज्याच्याकडून घेतलं त्याला आधी विचारा, परत घेतोस का.