गरीब देशात डिप्रेशनवर उपचार परवडतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. जिथे दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे तिथे सरकारनं डिप्रेशनवर पैसा घालावा का? आणि घातला तरी एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. आणायचेच नाहीत, निदान पहिल्या पायरीला नाहीत.

मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. सकाळच्या ओपीडीला सत्तर-ऐंशी केसपेपर. त्यात रोज चार-पाच बायका ठरलेली तक्रार घेऊन येतात: डोकं दुखतं, हातापायाला मुंग्या येतात, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कित्येक वर्षं मी लोहाच्या गोळ्या आणि बी-कॉम्प्लेक्स लिहून मोकळा व्हायचो. 'उदास वाटतं' असं त्या म्हणायच्या नाहीत आणि मीही विचारायचो नाही.

माझे डोळे उघडले ते गोव्यातल्या कामामुळे. तिथल्या 'संगाथ' संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या ४९५ रुग्णांवर समुपदेशनाची चाचणी केली, २०१७ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. समुपदेशन करणारी माणसं गावातलीच, मानसशास्त्राची कसलीही पदवी नसलेली. सहा ते आठ भेटी, प्रत्येक तीसेक मिनिटांची. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या ६४ टक्के रुग्णांचं डिप्रेशन ओसरलं होतं; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के.

त्या भेटींत करतात तरी काय? आजारात माणूस आवडीची कामं सोडतो, सोडली की आणखी खचतो. म्हणून कामं परत सुरू करायची, मन होईपर्यंत थांबायचं नाही. आमच्या सिस्टरनं हे शिकून घेतलं. एका काकूंना तिनं विचारलं, आधी काय आवडायचं? 'दारात अबोली होती, गजरे करायचे.' मग त्या आठवड्याचं काम एवढंच: रोज सकाळी अबोलीला पाणी, बरं वाटो न वाटो. पुढच्या भेटीला विचारलं, किती दिवस घातलं? तीन दिवस. सिस्टर म्हणाली, या आठवड्यात चार. मला आधी हा पोरखेळ वाटला होता, कबूल करतो.

झिंबाब्वेतही असंच. हरारेच्या म्बारे वस्तीत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली चौदा आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हटल्यावर कुणी फिरकेना, तेव्हा आज्यांच्याच सांगण्यावरून तो 'मैत्रीचा बाक' झाला. आजाराचं नावही लोकांचंच ठेवलं, 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणं. आपल्याकडे 'टेन्शन' म्हणतात तसंच. २०१६ ला छापलेल्या चाचणीत सहा महिन्यांनी बाकावर आलेल्यांपैकी १३.७ टक्क्यांत डिप्रेशनची लक्षणं उरली होती, इतरांत ४९.९ टक्क्यांत.

आता पैशाचं. खर्च तर आत्ताही होतोच आहे. तीच बाई महिन्यातून दोनदा खासगीत जाऊन ताकदीचं सलाईन लावून घेते, वर मजुरी बुडते. फक्त तो खर्च आरोग्य खात्याच्या कागदावर दिसत नाही.

मात्र सगळं बाकावर भागत नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, किंवा माणसानं खाणंपिणंच सोडलं असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचारतज्ज्ञाकडेच पाठवायचं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर मी केसपेपरवरच लिहून देतो.

आणि घोडं अडतं ते भलत्याच ठिकाणी. आशाताईंच्या डोक्यावर आधीच इतकी रजिस्टरं आहेत. त्यात हे काम फुकटात ढकललं तर ते फक्त कागदावर होतं. याला वेगळं माणूस, वेगळा पगार आणि दर आठवड्याला त्याच्याशी बोलणारं कुणीतरी लागतं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, होती एकटी सिस्टर. गेल्या पावसाळ्यात तिची बदली झाली. ड्रेसिंग रूमशेजारी ती ज्या खुर्चीवर बसायची, तिच्यावर आता लसीकरणाच्या फायली असतात.