गुणायचे की भागायचे, हे नंतर ठरते

आपली मुलगी चौथीत आहे, "एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर" हे तिला तोंडपाठ आहे, आणि तरीही ४५० सेंटिमीटरचे मीटर करताना ती कधी १०० ने गुणते तर कधी भागते, असे आपण लिहिले आहे. उत्तर ४५,००० मीटर आले तरी तिला त्यात काही वावगे वाटत नाही, हेही आपण नोंदवले आहे. मला यातले दुसरे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते. ४५,००० मीटर म्हणजे ४५ किलोमीटर. एखाद्या खोलीच्या लांबीचे उत्तर एवढे आले आणि मूल बिचकले नाही, तर त्या आकड्यामागची लांबी त्याला दिसतच नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी गुणाकार-भागाकाराचा नियम पुन्हा घोकून घेतल्याने फारसे काही साधत नाही.

म्हणून सुरुवात सेंटिमीटरपासून करू नये, असे मी सुचवेन. तिला टेबलाची लांबी आधी पेन्सिलीने आणि मग खोडरबराने मोजायला सांगा. पेन्सिली समजा ८ भरल्या आणि खोडरबरे ३० भरली, तर "मग टेबल लांब झाले का?" एवढेच विचारा. टेबल तेवढेच राहिले, माप लहान घेतले म्हणून ते जास्त वेळा ठेवावे लागले, हे वाक्य तिच्या तोंडून आले पाहिजे. आपण ते सांगून टाकण्याची घाई करू नये. एककांच्या रूपांतरातील जवळजवळ सारे मर्म या एका वाक्यात आहे: एकक लहान तर आकडा मोठा, एकक मोठे तर आकडा लहान.

यानंतर फुटपट्टी हाती द्यावी, पण तिच्या वाचनाची एक परीक्षा आधी घ्यावी. एखादी वस्तू शून्यावर न ठेवता ३ च्या खुणेपासून ११ च्या खुणेपर्यंत ठेवा आणि लांबी विचारा. "११" असे उत्तर आले, तर मूल केवळ शेवटचा आकडा वाचते आहे. "९" आले, तर ते खुणांमधील अंतरे न मोजता खुणाच मोजते आहे. या दोन चुकांची कारणे वेगळी असल्यामुळे त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. पहिल्या मुलाला शून्याचे महत्त्व दाखवावे लागते, तर दुसऱ्याला दोन खुणांमधील प्रत्येक घर रंगवून मोजायला लावावे लागते. (काही फुटपट्ट्यांवर शून्य अगदी कडेला नसते, थोडे आत असते, तेही एकदा दाखवून ठेवावे.)

मग कागदाच्या पट्ट्या जोडून एक मीटरची पट्टी घरीच तयार करा आणि तिच्यावर १०-१० सेंटिमीटरचे गट दोन रंगांनी आलटून पालटून रंगवा. हा दहाचा गट म्हणजेच डेसिमीटर. व्यवहारात त्याचे नाव क्वचितच ऐकू येते, परंतु १ वरून एकदम १०० वर उडी मारण्याऐवजी मध्ये टेकायला जागा मिळते, म्हणून शिकवताना तो फार उपयोगी पडतो. ४५० सेंटिमीटर म्हणजे अशा पट्टीची चार पूर्ण मापे आणि वर अर्धी पट्टी, हे जमिनीवर मांडून पाहिल्यावर ४.५ मीटर हे उत्तर तिला दिसू लागते.

वहीत उदाहरण सोडवताना एकच सवय लावावी: आकडेमोड करण्यापूर्वी "उत्तराचा आकडा आताच्या आकड्यापेक्षा मोठा येणार की लहान?" हे तिने बोलून दाखवावे. ते ठरले की गुणायचे की भागायचे हे आपोआप ठरते. किलो, हेक्टो, डेका अशी शिडी काढून दशांश चिन्ह सरकवण्याची रीत बरेच जण आधीच शिकवतात. ती चुकीची नाही, पण हा अंदाज पक्का होण्याआधी शिकवल्यास चिन्ह डावीकडे न्यायचे की उजवीकडे, असा तोच गोंधळ नव्या रूपात उभा राहतो.

वजनासाठी ए-४ आकाराचे कागद उत्तम. पाकिटावर ८० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन ८० ग्रॅम) लिहिलेले असेल, तर एक कागद सुमारे ५ ग्रॅमचा असतो आणि असे २०० कागद म्हणजे जवळजवळ एक किलो. धारकतेसाठी पुठ्ठ्याची १० सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच पेटी करा. तिच्यात बरोबर एक लिटर मावते. एक घन सेंटिमीटर म्हणजे एक मिलिलिटर, आणि अशा १,००० घनांनी ही पेटी भरते, हे ठोकळे रचून एक थर भरला तरी पटते.

वेळेचे रूपांतर मात्र यात मिसळू नका. तेथे १० चा नव्हे तर ६० चा हिशेब असतो, त्यामुळे २.५ तास म्हणजे २ तास ५० मिनिटे किंवा २ तास ५ मिनिटे अशी उत्तरे मुले सहज देतात; खरे उत्तर २ तास ३० मिनिटे. लांबी आणि वजन स्थिर झाल्यावर काट्यांचे घड्याळ समोर ठेवूनच हा भाग घ्यावा.

सरावासाठी कार्यपत्रिका किती द्याव्यात, असेही आपण विचारले आहे. माझ्या मते एका वेळी पाच-सहा उदाहरणे पुरेत, आणि त्यांत "दाराची उंची २०० मीटर", "पेन्सिलीचे वजन ५ किलोग्रॅम" अशी दोन-तीन मुद्दाम चुकीची विधाने घालावीत. ती शोधून तिने योग्य एकक लिहावे, आणि पुढच्या वेळी तशीच चुकीची विधाने तिने आपल्यासाठी तयार करावीत.