समावेशकतेचा विभाग बंद झाला. आता पुढे काय?

कामाच्या ठिकाणची विविधता आणि समावेशकता, म्हणजे सगळ्या प्रकारच्या माणसांना नोकरीत जागा आणि बरोबरीची संधी मिळणं, या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न आज घेते आहे.

प्रश्न : मी एका बहुराष्ट्रीय कंपनीत एचआरमध्ये काम करते. आमच्या मुख्य कार्यालयाने विविधतेचा विभाग बंद केला, वेबसाइटवरून तो शब्दही काढून टाकला. हे सगळं संपलं असं समजायचं का?

नाही. आधी घडलं काय ते नीट पाहू. अमेरिकेत २० आणि २१ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्षांनी लागोपाठ दोन आदेश काढले. पहिल्या आदेशाने केंद्र सरकारच्या खात्यांमधले असे विभाग बंद झाले. दुसऱ्याने १९६५ पासून सरकारी कंत्राटदारांवर असलेलं एक बंधन काढून घेतलं. वंचित गटांना भरतीत संधी मिळावी म्हणून कंत्राटदारांना मुद्दाम पावलं उचलावी लागत, ती सक्ती गेली. त्याआधी जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा निकष लावायला मनाई केली होती. वारं फिरलं ते तेव्हाच. मग मेटा, वॉलमार्ट, मॅकडॉनल्ड्स अशा मोठ्या कंपन्यांनी आपापले कार्यक्रम आवरते घेतले.

पण चित्राची दुसरी बाजूही आहे. कॉस्टको या अमेरिकी दुकानांच्या साखळीच्या भागधारकांपुढे जानेवारी २०२५ मध्ये या कार्यक्रमांच्या धोक्यांचा अहवाल मागणारा ठराव आला, तेव्हा ९८ टक्क्यांहून जास्त मतं ठरावाच्या विरोधात पडली. नोकरीत वंश, लिंग, धर्म यांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा १९६४ चा अमेरिकी कायदा अजून जागेवर आहे. युरोपीय संघ तर उलट दिशेने निघाला आहे. पगाराच्या पारदर्शकतेविषयीचा २०२३ चा निर्देश सदस्य देशांनी आपल्या कायद्यात आणण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत ठरवली गेली. त्यानुसार उमेदवाराला पगाराची श्रेणी आधी सांगावी लागेल आणि 'आधीच्या नोकरीत किती पगार मिळत होता?' हा प्रश्न विचारता येणार नाही. हा प्रश्न साधा वाटतो, पण पहिल्या नोकरीत ज्याला कमी पगार मिळाला त्याच्यामागे तो कमी पगार प्रत्येक नोकरीत जातो.

विभाग गेला याचं तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे, मलाही वाटतं. तरी भरतीचा फॉर्म, अप्रेझलचा तक्ता, पगाराच्या श्रेणी आणि बढतीचे निकष अजून तुमच्याच टेबलावर आहेत. माणसाचं नोकरीतलं भवितव्य तिथेच ठरतं. तिथली कामाची पद्धत बदलायला वेगळ्या नावाचा विभाग लागत नाही, मुख्य कार्यालयाची परवानगीही बहुधा लागत नाही.

प्रश्न : दरवर्षी आम्हाला या विषयाचं सक्तीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. सगळे कॅमेरा बंद करून आपलं दुसरं काम करत बसतात. याचा काही उपयोग होतो का?

सक्ती असेल तर फारसा नाही. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी ८०० हून जास्त अमेरिकी कंपन्यांची तीन दशकांची माहिती तपासली. मॅनेजरांना असं प्रशिक्षण सक्तीचं करणाऱ्या कंपन्यांत पाच वर्षांनंतर मॅनेजर पदांवरच्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण सरासरी ९ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. माणसाला दटावून विचार बदलायला लावलं की तो अडून बसतो. उपयोग झाला तो वरिष्ठांनी एकेका नव्या माणसाला हाताशी धरून शिकवण्याचा, आणि विभागप्रमुखांना आपल्या भरतीचा हिशोब सहकाऱ्यांसमोर मांडायला लावण्याचा. पैसे तिकडे वळवा.

प्रश्न : मी पुरुष आहे, बारा वर्षं या कंपनीत आहे. माझी बढती हुकली आणि ती एका महिला सहकारीला मिळाली. 'आकडे दाखवायला' मला डावललं असं सगळे म्हणतात. ही समावेशकता माझ्यासाठी नाहीच का?

तुमच्या प्रश्नातला राग मी बाजूला सारणार नाही. भेदभाव कुणाशीही झाला तरी तो भेदभावच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये एमेस खटल्यात एकमताने हेच सांगितलं : तक्रार करणारी व्यक्ती बहुसंख्य गटातली आहे म्हणून तिच्याकडून जास्तीचा पुरावा मागता येणार नाही. मला हा निकाल योग्य वाटतो.

पण 'सगळे म्हणतात' यावर विसंबू नका. तुमच्या बढतीचा निर्णय ज्या बैठकीत झाला, तशी बैठक बहुतेक ठिकाणी कशी चालते? सहा जण बसलेले असतात, समोर नावांची यादी. कुणीतरी म्हणतं, "हा तयार वाटतोय." दुसरा म्हणतो, "तिचं काम चांगलं आहे, पण अजून एक वर्ष जाऊ दे." तयार म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. त्याच्याबद्दल बोलताना पुढे काय करू शकेल याची चर्चा होते, तिच्याबद्दल बोलताना आजवर काय केलं याची. दोन मोजपट्ट्या वापरल्या जातात आणि खोलीतल्या एकाच्याही ते लक्षात येत नाही. अशा बैठकीत कधी तुम्ही डावलले जाता, कधी ती. आणि बढती मिळाली तरी तिच्या माथी 'कोट्यातून आली' हा शिक्का बसतो, कारण ती कशाच्या बळावर निवडली गेली हे कुणाला दाखवताच येत नाही.

म्हणून तुम्ही दोन गोष्टी मागा, त्याही लेखी : या पदाचे निकष कोणते होते, आणि त्यातल्या कोणत्या निकषावर मी कमी पडलो. उत्तर मिळालं तर पुढच्या वर्षाची दिशा कळेल. मिळालं नाही, तर तुमचं भांडण त्या सहकारीशी नाही, पद्धतीशी आहे. त्या भांडणात ती तुमच्या बाजूने उभी राहण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्न : मला कमी ऐकू येतं. कंपनी दरवर्षी दिव्यांग दिन थाटात साजरा करते, मला मंचावर बोलावते. पण रोजच्या मीटिंगमध्ये अर्धं बोलणं माझ्यापर्यंत पोहोचत नाही. कुणाला आणि कसं सांगू?

तुमचं पत्र वाचून मन विषण्ण झालं. मंचावरचा सत्कार वर्षातून एकदा होतो, मीटिंग रोज असते. मॅनेजरला थेट ईमेल करा आणि 'सहकार्य करा' असं मोघम लिहू नका, नेमकं लिहा. ऑनलाइन बैठकीत लाइव्ह कॅप्शन, म्हणजे बोललेलं लगेच पडद्यावर अक्षरांत दाखवणारी सोय, सुरू ठेवावी. बोलणाऱ्याने कॅमेरा चालू ठेवावा आणि तोंडावर हात धरू नये. एका वेळी एकानेच बोलावं. विषयपत्रिका आदल्या दिवशी यावी, आणि निर्णय मीटिंग संपल्यावर दारात उभं राहून नव्हे, लेखी व्हावेत. यातल्या कशालाही वेगळा खर्च लागत नाही, आणि घरून काम करणाऱ्या, भाषा नवी असलेल्या सहकाऱ्यांचीही यात सोय होते. मॅनेजर बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागू नये म्हणून हे एचआरच्या नोंदीत घालून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे आता अर्जांची पहिली छाननी एआय करतं. यंत्राला जात-धर्म, स्त्री-पुरुष कळत नाही, मग पक्षपाताचा प्रश्नच मिटला ना?

मिटला नाही. माणसं पक्षपात करतात हे खरं. शिकागो आणि बोस्टनमधल्या जाहिरातींना साधारण ५,००० बनावट अर्ज पाठवून केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पात्रता सारखीच, पण गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. यंत्र शिकतं ते अशाच माणसांच्या जुन्या निर्णयांवरून. ॲमेझॉनने तयार केलेलं असं एक साधन कंपनीकडे दहा वर्षांत आलेल्या अर्जांवर शिकलं होतं, आणि ते बहुतेक अर्ज पुरुषांचे होते. अर्जात 'महिला' हा शब्द दिसला, म्हणजे अगदी महिला बुद्धिबळ क्लबची कप्तान असं लिहिलेलं असलं, तरी ते गुण कापायचं. २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली, तोवर कंपनीने ते मोडीत काढलं होतं. नाव आणि लिंग लपवलं तरी कॉलेज, पत्ता, नोकरीतला खंड यांतून यंत्र बरंच काही ताडतं.

येत्या काही वर्षांत या क्षेत्रातली खरी लढाई इथेच होणार असं मला वाटतं. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने भरतीतल्या एआयला उच्च जोखमीच्या यादीत टाकलं आहे, ते उगाच नाही. साधन विकणाऱ्या कंपनीला विचारा : कुठल्या गटाचे किती अर्ज गाळले गेले, याचा तपशील देता का? देत नसतील तर करार करू नका. देत असतील तरी दर महिन्याला नाकारलेल्या अर्जांतले काही अर्ज कुठलाही क्रम न लावता काढा आणि दोन अनुभवी माणसांना स्वतंत्रपणे वाचायला द्या. दोघांनाही एखादा उमेदवार इंटरव्ह्यूला बोलवावासा वाटला, तर यंत्राने त्याला का गाळलं याचा शोध घ्या, आणि त्या उमेदवाराला बोलवा.