'तुम्ही'चं 'तू' कधी झालं?

"यांना रात्रभर झोप नाही, आणि यांच्या टकटकीनं मला नाही," असं म्हणतच बाई खुर्चीत टेकल्या. शेजारी सर. माध्यमिक शाळेत 32 वर्षं विज्ञान शिकवून 58व्या वर्षी निवृत्त झालेले, आता साठीचे. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) रक्तदाब उतरेना म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली होती आणि "एकदा बोलून घ्या" म्हणून समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं होतं.

ही तक्रार आता माझ्या ओळखीची झाली आहे. कुणाचे वडील, कुणाचा नवरा, हल्ली कुणाची सासूसुद्धा. मोबाइलवर अनोळखी माणसांशी वाद घालतात आणि त्या वादाचा राग घरातल्यांवर निघतो. बहुतेक वेळा विषय राजकारणाचा असतो. सरांचं सुरू झालं विज्ञानावरून.

निमित्त झालेला मेसेज तुम्हालाही कधीतरी आला असेल. 'आज रात्री 12.30 ते 3.30 मोबाइल बंद करून लांब ठेवा, पृथ्वीजवळून घातक कॉस्मिक किरण जाणार आहेत, नासा आणि बीबीसीने सांगितले आहे.' दर वर्षा-दोन वर्षांनी तो पुन्हा उगवतो. एका मोठ्या ग्रुपवर तो आला, सरांनी खोडून काढला, आणि कुणी एक ड्रायव्हर मधे पडला: "तुम्ही काय नासात होता का?" तिथून जी जुंपली ती पावणेतीनपर्यंत.

"त्यापेक्षा मेसेज खरा मानला असता तर साडेबाराला फोन तरी बंद झाला असता," बाई म्हणाल्या. मला हसू आवरेना. सर गंभीरच.

"मॅडम, खोटं डोळ्यांसमोर दिसतंय तर गप्प कसं बसायचं?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्यावर मी जे सुचवलं ते मात्र चुकलं. मी म्हटलं, पंधरा दिवस ॲप काढून टाका. चार दिवस सर शहाण्यासारखे राहिले. पाचव्या दिवशी बाईंच्या बहिणीचा फोन आला: "ताई, तू कधीपासून कॉस्मिक किरणांवर बोलायला लागलीस?" सर बायकोच्या फोनवरून, बायकोच्या नावानं लढत होते. 'सोडून द्या हो' हा सल्ला घरचे रोज फुकट देतात. तोच माझ्याकडून ऐकायला कुणी फी कशाला भरेल?

पुढच्या वेळी मी त्यांना तो सगळा वाद सोबत आणायला सांगितला. सरांनी चक्क वहीत उतरवून आणला, तारीख-वेळेसकट, समास आखून. मी म्हटलं, "आता मोठ्यानं वाचा. दोघांचंही."

पहिलं उत्तर रात्री 9.40चं, आणि ते सुंदर होतं. कॉस्मिक किरण आज रात्रीच येणार असं काही नसतं, ते सदासर्वदा येतच असतात. 1912 साली व्हिक्टर हेस हा भौतिकशास्त्रज्ञ फुग्यात बसून उंच गेला तेव्हा विद्युतभारित कणांचं प्रमाण वर जाईल तसं वाढत गेलेलं त्याला आढळलं, म्हणजे हे प्रारण आकाशातून येतंय हे कळलं. त्या किरणांतून हवेत तयार होणारे म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण आपल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक या हिशेबानं आत्ताही आरपार जातायत, फोन चालू असो की बंद. वाचताना सरांचा आवाज वर्गातला झाला. डावा हात पंजा उघडून पुढे आला होता.

मग 11.15. "आपल्याला वाचता येत असेल तर वर लिहिलंय." 12.05. "तुमच्यासारख्या लोकांमुळे देश मागे आहे." आणि 1.50 ला: "तुझी अक्कल गहाण—"

सर थांबले. वही तशीच धरलेली. बाई खिडकीकडे बघत होत्या.

"सर, शाळेच्या शिपायाला काय म्हणायचात?"

"अहो-जाहोच. कायम."

एवढंच. मी पुढे काही बोलले नाही. उत्तरांत विज्ञान किती उरलं तेही वहीतच होतं: 9.40ला अकरा ओळी, 11.15ला एक, मध्यरात्रीनंतर शून्य.

माणूस असा का घसरतो यावर जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञानं 2004मध्ये नेमकं लिहिलं आहे. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्याच्या कपाळावरची आठी दिसत नाही, त्यामुळे जिभेला एरवी असलेला लगाम सुटतो. एसटीच्या बाकावर तोच ड्रायव्हर शेजारी बसला असता तर सरांनी आधी गाव विचारलं असतं. रात्री पुन्हा पुन्हा फोन उचलण्यामागे आणखी एक गोष्ट असते, ती सरांना मी स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगातून सांगितली. कळ दाबल्यावर दाणा कधी मिळेल, कधी नाही, याचा नेम नसला की प्राणी कळ दाबायचं लवकर सोडत नाही. सरांना हे फारच आवडलं. "म्हणजे मी उंदीर," म्हणाले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसले.

उत्तरं देणं मी बंद करायला लावलं नाही, कारण सरांच्या प्रश्नात मला खोट काढता आली नाही. कुणीतरी उत्तर द्यायलाच हवं. फक्त ते कुणासाठी, हे ठरवायला सांगितलं. त्या ग्रुपवर अडीचशे माणसं होती. भांडत होते दोघे, बाकीचे गुपचूप वाचत होते. त्यांना 9.40चं उत्तर पुरेसं होतं, आणि 1.50चं वाचून त्यांतले किती जण ड्रायव्हरच्या बाजूला गेले असतील देव जाणे. सरांनी स्वतःच नियम काढला: एक उत्तर सविस्तर, समोरून खरोखरचा प्रश्न आला तर दुसरं, तेही सकाळी चहानंतर. आणि लिहिताना 'तुम्ही'चं 'तू' होतंय असं वाटलं की फोन खाली.

राजकारणाला हा नियम तितकासा लागू पडत नाही हेही सांगते. म्यूऑन मोजता येतात, पक्षनिष्ठा नाही. तिथे सरांना मी एवढंच विचारते की यात माहिती देताय की मत, आणि ते दर वेळी चिडतात.

दोनेक महिन्यांनी सर एकटेच आले. त्याच ड्रायव्हरनं विचारलं होतं, "सर, मग रात्री गाडीत फोन उशाशी घेऊन झोपलं तर चालतं का?" सरांनी सकाळी चार ओळी लिहिल्या: किरणांची भीती नको, पण चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवू नका, तापतो. त्यावर नुसता अंगठा आला.

"पटलं असेल का हो त्याला?"

"काय माहीत," मी म्हटलं.

रक्तदाब बराच खाली आहे. अकराला दिवा बंद होतो, असं बाई सांगतात. मतमोजणीच्या आठवड्यात मात्र दोनदा अडीच वाजले, हेही त्यांनीच फोन करून सांगितलं.