न्यूडिस्ट साइटवर व्हेरिफिकेशन करावं का, आणि गोल्ड मेंबरशिपला पैसे भरावेत का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एकांनी परदेशी न्यूडिस्ट (म्हणजे लैंगिक हेतू न ठेवता विवस्त्र वावरणाऱ्यांच्या) सोशल साइटवर खातं उघडलंय. साइटने कागद हातात धरलेला फोटो मागितलाय, आणि गोल्ड मेंबरशिप घेतलीत तर लोकांचा विश्वास बसेल असंही कळवलंय. दोन्ही करावं का?

व्हेरिफिकेशन करा. विश्वासासाठी गोल्ड घेऊ नका. मी असे पडताळणीचे फोटो तपासते, त्यामुळे या दोन गोष्टींची सरमिसळ केलेली मला अजिबात खपत नाही. व्हेरिफाइड बॅज एवढंच सांगतो की प्रोफाइलवर दिसणारा माणूस आणि खातं चालवणारा माणूस एकच आहे. तो सभ्य आहे की नाही, न्यूडिझमला लैंगिक चाळ्यांपासून वेगळं ठेवतो की नाही, हे बॅज सांगत नाही. आणि गोल्डचा बिल्ला सांगतो की कार्ड चाललं. बस.

आता फोटो. कोरा, रेघा नसलेला कागद घ्या. जाड मार्करने तीन ओळी लिहा: युजरनेम, साइटचं नाव, आजची तारीख. कागद छातीशी धरा, चेहरा पूर्ण दिसू द्या, आणि बोटं कागदाच्या कडेवरून पुढे आलेली दिसू देत. बोटांच्या दाबाने कागद जरासा वाकतो, अक्षरंही त्याबरोबर वाकतात. कोऱ्या कागदाच्या फोटोवर नंतर चिकटवलेली अक्षरं सरळच राहतात, आणि तपासणाऱ्याची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते. कागद चुरगळून परत उघडा किंवा कानाला हात लावून धरा असं सांगितलं तर रागावू नका, तेही त्यासाठीच असतं.

खरे लोक नापास होतात ते भलत्याच कारणांनी. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोनमध्ये आरशासारखा उलटा सेव्ह होतो आणि युजरनेम वाचता येत नाही. ब्यूटी फिल्टर चालू राहतो आणि चेहरा प्रोफाइलशी जुळत नाही. ट्यूबलाइट थेट कागदावर पडते, कागद पांढराफटक होतो. व्हॉट्सॲपवरून फिरवलेला फोटो दबून अक्षरं फाटतात. मागच्या कॅमेऱ्याने, खिडकीकडे तोंड करून, दिवसा काढा आणि मूळ फाइलच चढवा.

चढवण्याआधी लोकेशन मात्र काढा. आयफोनवर शेअर करताना वर 'ऑप्शन्स' येतं, तिथे लोकेशन बंद होतं. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लोकेशन टॅग बंद करून मग फोटो काढा. मागे दाराची पाटी, मुलांच्या शाळेचं दप्तर, ऑफिसचं ओळखपत्र नको. साधी भिंत पुरे.

कपडे घालूनच काढा. पडताळणीला चेहरा, हात आणि कागद लागतो, बाकी काही लागत नाही. चेहऱ्यासकट नग्न फोटो दिल्याशिवाय बॅज देणार नाही असं कोणी म्हणत असेल, तर त्या साइटला न्यूडिझमशी देणंघेणं नाही, तिला फोटो हवेत. बाहेर पडा. ओळखपत्र मागितलं तर आधार देऊच नका, परदेशी साइटला त्याची गरज नाही. पासपोर्टची प्रत द्यायचीच वेळ आली तर नाव, फोटो आणि जन्मतारीख ठेवून क्रमांक आणि खालच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळी काळ्या करा. काम झालं की प्रत पुसून टाकायला लेखी सांगा. कंपनी युरोपियन युनियनमधली असेल तर तिथल्या खासगी माहितीच्या कायद्याच्या, म्हणजे जीडीपीआरच्या, कलम 17 चा (माहिती पुसून घेण्याचा हक्क) उल्लेख करा, उत्तर लवकर येतं.

जोडीचा फोटो असेल तर दोघांनाही कागद धरावा लागतो, यावरून फार लोक चिडतात. मास्टरकार्डने 15 ऑक्टोबर 2021 पासून प्रौढांसाठीच्या साइटना फोटोतल्या प्रत्येकाचं वय, ओळख आणि संमती तपासणं बंधनकारक केलं. न्यूडिस्ट साइट स्वतःला त्यातल्या मानत नाहीत, पण बँका त्यांना बऱ्याचदा त्याच पंगतीला बसवतात. नियम नसता तरी मी तो लावला असता. बायकोच्या नकळत तिचे फोटो टाकणाऱ्या नवऱ्यांना थोपवणारी दुसरी भिंत नाही.

गोल्डमध्ये काय मिळतं? सहसा मेसेजची रोजची मर्यादा उठते, शोधात गाव आणि अंतर टाकता येतं, प्रोफाइल कोणी पाहिलं ते दिसतं. युरोपात सुट्टीला जाताना एका महिन्यासाठी हे उपयोगी आहे. वर्षाचं घेऊ नका, 'आजीवन' तर नकोच. भारतीय कार्डावर आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करावे लागतात. बऱ्याच कार्डांवर 2 ते 3.5 टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या व्यवहारावरचा बँकेचा आकार) आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे 1 ऑक्टोबर 2021 पासून आपोआप होणाऱ्या वजावटीला ई-मँडेट, म्हणजे तुम्ही आधी नोंदवलेली परवानगी, लागतं आणि 24 तास आधी सूचना येते, त्यामुळे इथल्या कार्डावर गुपचूप नूतनीकरण सहसा होत नाही. अमेरिकेत, जर्मनीत असलेल्या आपल्या लोकांना ही ढाल नाही. त्यांनी पैसे भरले त्याच दिवशी ऑटो-रिन्यूअल बंद करावं, महिना तरीही पूर्ण मिळतो. स्टेटमेंटवर बहुधा साइटचं नाव नसतं, मधल्या पेमेंट कंपनीचं असतं. ते न ओळखून बँकेत तक्रार केली की साइटवरचं खातं बहुधा कायमचं बंद होतं.

'फुकट्यांना हाकला, पैसे लावले की टवाळखोर आपोआप जातील' हा युक्तिवाद मी वर्षानुवर्षं ऐकतेय आणि तो साफ चुकीचा आहे. त्रास द्यायलाच आलेल्या माणसाला महिन्याचे दहा-पंधरा डॉलर जड नसतात. उलट अमर्याद मेसेज त्याच्याच कामाचे. मागे सरतात त्या बायका, विद्यार्थी, आणि कार्डावर हे दिसू नये म्हणून धास्तावलेले साधे लोक. ॲशली मॅडिसन ही विवाहबाह्य संबंधांची साइट, तिचा न्यूडिझमशी संबंध नाही, पण पैशाने काय विकत मिळत नाही ते तिथे दिसलं. खातं पूर्ण पुसायचे ती 19 डॉलर घेत होती. जुलै 2015 मध्ये ती फोडली गेली तेव्हा पैसे भरून 'पुसलेल्यांची' माहितीही बाहेर आली.

विश्वास ओळखीतून येतो. आपल्या ठाण्यातच 1891 साली क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' नावाचं मंडळ काढलं होतं, जगातल्या सगळ्यात जुन्या माहीत असलेल्या न्यूडिस्ट मंडळांपैकी एक. सभासद जेमतेम तीन, सगळे एकमेकांना ओळखणारे. आजही साइटवर 'प्रत्यक्ष भेटलोय' अशी दुसऱ्या सभासदांनी दिलेली ग्वाही असेल तर ती बॅजपेक्षा भारी समजा. आंतरराष्ट्रीय नॅचरिस्ट (म्हणजे न्यूडिस्टच) फेडरेशन 1953 पासून आहे. तिच्या देशोदेशीच्या संघटनांची कार्डं काही क्लबांच्या दारात तपासली जातात. माझ्या मते गोल्डचे पैसे तिकडे लावलेले बरे.

हे आधी सांगायला हवं होतं: तुम्ही भारतात आहात. 2014 मध्ये अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे असं म्हटलंय, पण ऑनलाइन अश्लील मजकूर टाकण्याविरुद्धचं आयटी कायद्याचं कलम 67 तसंच उभं आहे, पहिल्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. त्यामुळे चेहरा आणि नग्न शरीर एका फोटोत कधीच नको, बॅज असो वा नसो. गोव्याच्या किनाऱ्यावर भेटू म्हणणाऱ्या व्हेरिफाइड माणसालाही नाही म्हणा, तिथे नग्न वावरायला बंदी आहे.

कोणी फोटो घरी पाठवीन म्हणून पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, दिलात की मागणी वाढते. चॅटचे स्क्रीनशॉट युजरनेमसकट घ्या आणि मगच ब्लॉक करा. सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 ला फोन करा. स्टॉप एनसीआयआय या मोफत सेवेवर त्या फोटोचा डिजिटल ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो, फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या सहभागी साइट त्या ठशावरून तो अडवू शकतात.