परिषदेला प्रवेशशुल्क किती ठेवावं?

प्रश्न : आमची संस्था सांगलीत ‘उद्याच्या शेतीतलं तंत्रज्ञान’ या विषयावर एक दिवसाची परिषद भरवतेय. सभागृह 300 खुर्च्यांचं. सभागृह, ध्वनिव्यवस्था, वक्त्यांचा प्रवास-मुक्काम मिळून 1,80,000 रुपये. जेवण, चहा, ओळखपत्राचे माणशी 350. प्रायोजकाचे 60,000 नक्की आहेत. काहींना प्रवेश मोफत हवाय. शुल्क किती ठेवावं? 500 रुपयांच्या आत जीएसटी नाही, हे खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मोफत ठेवू नका. नाव नोंदवायला काही पडलं नाही की न यायलाही काही वाटत नाही, आणि केटरर मात्र सांगितलेल्या ताटांचे पैसे घेतो.

प्रायोजकाचे वजा जाता 1,20,000 उरतात. 300 ने भागलं तर माणशी 400, अधिक 350, म्हणजे 750. इथेच बहुतेक आयोजक फसतात. खुर्च्यांनी भागू नका, खात्रीच्या माणसांनी भागा. 180 जण धरले तर 667 अधिक 350, म्हणजे 1,017. आता त्यातल्या 60 विद्यार्थ्यांना 400 रुपयांत घेतलंत, तर जेवण वजा जाता त्यांच्याकडून फक्त 3,000 सुटतात आणि उरलेल्या 120 जणांचं शुल्क 1,325 वर जातं. सवलत द्यायलाच हवी, पण तिचा बोजा शेतकऱ्यावर टाकू नका. विद्यार्थ्यांच्या जागांसाठी 37,000 रुपयांचा वेगळा प्रायोजक गाठा. बाकीच्यांचं शुल्क पुन्हा हजाराच्या आसपास येतं.

जीएसटीबद्दल तुम्ही ऐकलंय ते अर्धवट आहे. 500 रुपयांपर्यंतची सूट नाटक, नृत्य, सर्कस, संगीताची मैफल, पुरस्कार सोहळा अशा कार्यक्रमांच्या तिकिटांना आहे. परिषद त्या यादीत नाही. परिषदेच्या प्रवेशावर साधारणपणे 18 टक्के लागतो. मात्र संस्थेच्या पॅनवरची वर्षाची सगळी उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नोंदणी नसेल, तर कर लागत नाही. अशा वेळी पावतीवर जीएसटी लावायचाही नाही, तो गुन्हा ठरतो. नोंदणी असेल तर ‘1,000 अधिक कर’ असं न छापता सरळ 1,180 छापा. दारात वाद होत नाहीत.

पैसे खजिनदाराच्या खासगी यूपीआयवर कधीच घेऊ नका. सारख्याच रकमेच्या दीडशे नोंदी आल्या की कोणाचे कोणते, हे लागत नाही. संस्थेच्या खात्यावरच घ्या आणि अर्जात 12 आकडी व्यवहार क्रमांक मागा. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी सेवा, वापरलात तर पैसे खात्यात यायला दोन-तीन कामाचे दिवस जातात. रविवारी परिषद असेल तर ऑनलाइन विक्री गुरुवारी संध्याकाळी थांबवा. कारण केटररला ताटांचा आकडा तेव्हाच द्यायचा असतो. परताव्याची अट पैसे भरण्याआधीच दिसू द्या : सात दिवस आधीपर्यंत परत, नंतर फक्त नावबदल.

दारावर एका माणसाला 20 सेकंद धरली तर एका टेबलावर अर्ध्या तासात 90 जण आत जातात. 180 जणांना दोन टेबलं कशीबशी पुरतात, म्हणून ऐनवेळच्या नोंदणीला तिसरं वेगळं लावा. यादी नावाने लावू नका. कोणी आडनाव आधी लिहितं, कोणी इंग्रजीत, आणि शोधाशोधीत रांग तुंबते. मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांनी लावा आणि छापून ठेवा, कारण गर्दीत नेट हमखास बसतं.