वाचकांचे प्रश्न : हिब्सचा कप, ११४ वर्षांनी

प्रश्न : २०१६ मध्ये एडिंबराच्या हिबर्नियन (हिब्स) या फुटबॉल क्लबने स्कॉटिश कप जिंकला, त्याचं एवढं कौतुक का होतं? तो संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता आणि अंतिम सामन्यातला रेंजर्सही दुसऱ्याच श्रेणीत. मग हा कप जरा सोपाच मिळाला, असं नाही का म्हणता येणार?

नाही, अजिबात नाही. वरच्या श्रेणीबाहेरचे दोन संघ स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात समोरासमोर येण्याची ती पहिलीच वेळ, हे खरं. पण तिथवर ते वरच्या श्रेणीतल्या संघांना हरवूनच पोचले होते. रेंजर्सने उपांत्य सामन्यात आपला कट्टर प्रतिस्पर्धी सेल्टिकला पेनल्टींवर बाहेर काढलं. आर्थिक कोसळणीनंतर २०१२ मध्ये चौथ्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात करावी लागलेला हा क्लब. त्या वर्षी दुसरी श्रेणी जिंकून तो वर जाणारच होता. हिब्सने हार्ट्स, आधीच्या वर्षीचे विजेते इनव्हरनेस आणि डंडी युनायटेड अशा तिघांना वाटेत हरवलं. याला सोपं कसं म्हणायचं?

आणि कौतुकाचं कारण श्रेणी नाहीच. हिब्सने हा कप त्याआधी जिंकला होता १९०२ मध्ये, सेल्टिकला १-० असं हरवून. त्यानंतर २०१६ पर्यंत हा संघ दहा वेळा अंतिम फेरीत गेला आणि दहाही वेळा हरला. १९७२ मध्ये सेल्टिककडून ६-१. १९७९ मध्ये रेंजर्सशी दोन सामने गोलशून्य, मग तिसऱ्यात ३-२ अशी हार. २०१२ ची जखम तर सगळ्यात खोल, कारण त्या दिवशी ५-१ ने हरवणारा संघ होता हार्ट्स, त्याच शहरातला.

मी तेव्हा एडिंबरात, लीथ भागात राहत होते. इस्टर रोडचं मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. खालच्या मजल्यावरचे आजोबा आयुष्यभर हिब्सचे. त्यांचे वडील हिब्सचे, आजोबाही हिब्सचे, आणि दोघांपैकी कुणालाही हा कप घरी आलेला आठवण्याच्या वयात पाहायला मिळाला नव्हता. हार्ट्सचे लोक १९०२ हा आकडा गाण्यातून, घोषणांतून त्यांच्या तोंडावर मारायचे. दुसऱ्या दिवशी लीथ वॉकवरून मिरवणूक निघाली तेव्हा रस्ता दोन्ही बाजूंनी माणसांनी गच्च भरला होता, आणि किती तरी जणांच्या हातात गेलेल्या माणसांचे फोटो होते. कौतुक कशाचं, याचं माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

प्रश्न : अंतिम सामना मी पाहिला आहे. त्या प्रवासातला आणखी एकच सामना पाहायचा असेल तर कोणता पाहू?

७ फेब्रुवारी २०१६, पाचवी फेरी, टाइनकॅसल. हार्ट्सचं मैदान. माझ्या मते कप तिथेच जिंकला गेला, अंतिम सामन्याच्या मैदानावर, हॅम्पडनला, तो फक्त हातात मिळाला.

मध्यंतरापर्यंत हार्ट्स २-० ने पुढे. हिब्सच्या माणसांना २०१२ आठवू लागलेलं. ऐंशी मिनिटं होत आली आणि जेसन कमिंग्सने एक परत केला. भरपाईच्या वेळेत पॉल हॅनलनने बरोबरी साधली. हॅनलन एडिंबराचाच मुलगा, २०१२ च्या त्या ५-१ च्या सामन्यात मैदानावर असलेला. दुसऱ्या कुणी तो गोल केला असता तरी २-२ च झालं असतं, पण त्याने केला याचं मोल वेगळं आहे. फेरसामना इस्टर रोडवर झाला आणि कमिंग्सच्या एका गोलवर हिब्स पुढे गेले.

आता स्कॉटिश कपमध्ये फेरसामने होत नाहीत. बरोबरी झाली की तिथेच जादा वेळ, नंतर पेनल्टी. वेळापत्रकाची गर्दी मला समजते. तरीही हा नियम गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या वर्षी हिब्सला दोन फेरसामने खेळावे लागले, आणि दुसरा तर आणखी अवघड होता. उपांत्यपूर्व फेरीत इनव्हरनेसशी घरच्या मैदानावर १-१. १३ मार्चला लीग कप या दुसऱ्या स्पर्धेचा अंतिम सामना हरले. लगेच १६ मार्चला उत्तरेत इनव्हरनेसला जाऊन खेळायचं! तिथे अँथनी स्टोक्सने दोन गोल केले आणि २-१ ने सामना काढला. तीन दिवसांपूर्वी कप गमावलेल्या संघाचं हे खेळणं मला अंतिम सामन्याइतकंच मोठं वाटतं.

उपांत्य सामन्याची एक गोष्ट इथेच सांगते. गोलरक्षक कॉनराड लोगन दुखापतीमुळे सव्वा वर्षाहून जास्त काळ सामना खेळलेला नव्हता. नेहमीचा गोलरक्षक निलंबित, म्हणून डंडी युनायटेडविरुद्ध हिब्सकडून तो पहिल्यांदाच उभा राहिला. सामना गोलशून्य सुटला आणि शूटआउटमध्ये त्याने दोन पेनल्टी अडवल्या.

प्रश्न : त्या हंगामातला लीग कप रॉस काउंटीने जिंकला असं वाचलं. हा संघ कुठला?

उत्तर स्कॉटलंडमधल्या डिंगवॉल या छोट्या गावाचा. गावाच्या लोकसंख्येपेक्षा मैदानातल्या जागा जास्त आहेत. १९९४ मध्ये शेजारच्या इनव्हरनेससोबतच या क्लबला राष्ट्रीय लीगमध्ये प्रवेश मिळाला, त्याआधी तो हायलँड लीग या प्रादेशिक लीगमध्ये खेळायचा. उपांत्य सामन्यात त्यांनी सेल्टिकला ३-१ असं हरवलं. पहिल्याच मिनिटात गोल खाऊन. मग सेल्टिकचा बचावपटू एफे अँब्रोझ लवकर बाहेर काढला गेला आणि काउंटीने ती संधी सोडली नाही.

अंतिम सामन्यात मायकेल गार्डाइनने गोल केला, हिब्सच्या लियाम फॉन्टेनने मध्यंतराआधी बरोबरी केली, आणि ९० व्या मिनिटाला डच खेळाडू अलेक्स शाल्कने २-१ केलं. क्लबचा तो पहिला मोठा चषक. मी हिब्सच्या बाजूची, त्या संध्याकाळी मन खट्टू होतं. पण जिम मॅकिंटायरचा तो संघ चांगला होता आणि कप त्यांच्या कष्टाचाच होता.

प्रश्न : चॅलेंज कप म्हणजे काय?

स्कॉटलंडमधली, तेव्हा वरच्या श्रेणीत नसलेल्या क्लबांसाठी असलेली स्पर्धा. त्या वर्षी रेंजर्सने पीटरहेडला ४-० असं हरवून ती जिंकली.

प्रश्न : अंतिम सामन्यानंतर प्रेक्षक मैदानात घुसले होते. त्यावर तुमचं मत काय?

आधी सामना. २१ मे २०१६. तिसऱ्या मिनिटाला स्टोक्सचा गोल. मग केनी मिलर, मग दूरवरून अँडी हॅलिडे, रेंजर्स २-१. ऐंशीव्या मिनिटाला बदली खेळाडू लियाम हेंडरसनचा कॉर्नर आणि स्टोक्सचं हेडर. भरपाईच्या वेळेत पुन्हा हेंडरसनचा कॉर्नर, या वेळी हेडर कर्णधार डेव्हिड ग्रेचं. ३-२. स्टोक्स आणि हेंडरसन दोघेही सेल्टिककडून लोनवर, म्हणजे तात्पुरते उसने आलेले, हे रेंजर्सला किती बोचलं असेल!

शिट्टी वाजली आणि हजारो लोक मैदानात उतरले. त्यातले बहुतेक रडत होते, मिठ्या मारत होते, हिरवळीचा तुकडा खिशात घालत होते. त्यांना मी दोष देणार नाही. पण काही जण रेंजर्सच्या खेळाडूंच्या अंगावर गेले, काही रेंजर्सच्या प्रेक्षकांना डिवचायला गेले, आणि तिकडूनही माणसं उतरली. रेंजर्सचे खेळाडू उपविजेत्यांची पदकं घ्यायलाही परत आले नाहीत. हरलेल्या खेळाडूवर हात टाकणं याला आनंद म्हणत नाहीत, मग तुम्ही कितीही वर्षं थांबलेले असा. आपल्याच खेळाडूंचंही त्यांनी नुकसान केलं. कप हातात यायला उशीर झाला, आणि तो घेऊन मैदानाला फेरी मारणं तर राहूनच गेलं.

प्रश्न : कप जिंकल्यावर हिब्स वरच्या श्रेणीत गेले का?

त्या वर्षी नाही. कपचा आणि बढतीचा संबंध नसतो. अंतिम सामन्याच्या आठच दिवस आधी फॉलकर्कने बढतीसाठीच्या प्लेऑफमध्ये त्यांना ३-२ ने हरवून वर जाण्याची वाट बंद केली होती. प्रशिक्षक अ‍ॅलन स्टब्स थोड्याच दिवसांत इंग्लंडमधल्या रॉदरहॅमला गेले आणि नील लेनन आले. त्यांच्या हाताखाली पुढच्या हंगामात संघाने दुसरी श्रेणी जिंकली. कपमुळे मिळालं ते युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीचं तिकीट. तिथे डेन्मार्कच्या ब्राँडबीशी घरी ०-१ हरले, परतीच्या सामन्यात १-० जिंकले, तो गोलही डेव्हिड ग्रेचाच, आणि पेनल्टींवर बाहेर पडले.